गिट पुल रोज अडकतं? फोल्डर उडवून नव्यानं क्लोन करायच्या आधी हे बघा

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. समस्या अशी आहे. सोर्स कोडची एक कॉपी आपल्या मशीनवर, टीमचं काम सर्व्हरवर पुढं चाललंय, आपण गिट पुल मारतो (सर्व्हरवरचे बदल आपल्याकडे ओढून घेतो) आणि ते अडकतं. कधी म्हणतं तुमचे लोकल बदल ओव्हरराईट होतील, कधी म्हणतं ब्रँच (कामाच्या फांद्या) डायव्हर्ज झाल्यात म्हणजे फाटल्यात, कधी काहीच म्हणत नाही, सगळं आलबेल दाखवतं आणि तरी कोड जुनाच असतो. मग आपण काय करतो तर फोल्डर डिलीट, परत क्लोन (सर्व्हरवरून आख्खी नवी कॉपी), दोन दिवस बरं चालतं आणि तिसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या.

मी हे जवळजवळ वर्षभर केलंय. माझ्या मशीनवर एकाच प्रोजेक्टची फोल्डर होती प्रोजेक्ट, प्रोजेक्ट-नवीन, प्रोजेक्ट-नवीन-२, प्रोजेक्ट-खरा, प्रोजेक्ट-खरा-चालणारा आणि एक नुसतंच टेम्प. त्यातलं प्रोजेक्ट-नवीन एक दिवस जागा करायला म्हणून उडवलं आणि संध्याकाळी आठवलं की तीन दिवसांचं काम त्याच फोल्डरच्या स्टॅशमधे (अर्धवट काम बाजूला ठेवायच्या गिटच्या कप्प्यात) ठेवलेलं. क्लोन केल्यावर सर्व्हरवर जे आहे तेवढंच येतं हो, स्टॅश येत नाही, पुश न केलेल्या म्हणजे सर्व्हरवर न पाठवलेल्या ब्रँच येत नाहीत, इग्नोर केलेल्या (गिटला दुर्लक्ष करायला सांगितलेल्या) फाईली येत नाहीत, हूक्स (ठराविक वेळी आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट) येत नाहीत, रीफ्लॉग (आपण कुठून कुठं गेलो त्याची नोंद) तर अजिबात येत नाही. म्हणजे ज्या गोष्टी फक्त आपल्याकडेच असतात नेमक्या त्याच आपण उडवतो. तेव्हापासून ठरवलं की पुल अडकलं की आधी ते का अडकलं ते बघायचं.

एक सांगून ठेवते, कमांड मी इथं देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमधे अर्थातच नेहमीसारख्या इंग्रजीत टाईप करायच्या.

आधी हे "अप टू डेट" प्रकरण

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथं. गिट स्टेटस मारलं, त्यानं सांगितलं की तुमची ब्रँच ओरिजिन/मेन (ओरिजिन म्हणजे सर्व्हरचं नेहमीचं नाव, मेन म्हणजे मुख्य ब्रँच) बरोबर अप टू डेट आहे, आपण निवांत. पण गिट स्टेटस सर्व्हरला काहीच विचारत नाही! नेट बंद करून मारून बघा, तरी तेच म्हणेल. ओरिजिन/मेन म्हणजे सर्व्हरवरची ब्रँच नव्हेच, तो सर्व्हरचा फोटो आहे, आपण शेवटचं फेच केलं त्या वेळी काढलेला, आणि तो आपल्याच डिस्कवर पडून असतो. फोटो आठ दिवसांपूर्वीचा असेल तर आठ दिवसांपूर्वीच्या फोटोशी तुलना करून गिट म्हणतं सगळं जुळतंय. ते खोटं बोलत नाहीये, आपणच वेगळं ऐकतोय.

म्हणून डोक्यात चार जागा वेगळ्या ठेवा. सर्व्हरवरची मेन, आपल्या डिस्कवरचा तिचा फोटो म्हणजे ओरिजिन/मेन, आपली स्वतःची मेन, आणि प्रत्यक्ष फोल्डरमधे दिसणाऱ्या फाईली. (पाचवी इंडेक्स म्हणजे स्टेजिंगची जागा, ती आत्ता सोडून द्या.) फेच फक्त फोटो नवीन काढतं, आपल्या ब्रँचला आणि फाईलींना हात लावत नाही, त्यामुळे ते कधीही बिनधास्त मारता येतं. पुल म्हणजे आधी फेच आणि मग तो फोटो आपल्या ब्रँचमधे मर्ज (दोन्ही बाजू एकत्र जोडणं) किंवा रिबेस (आपले कमिट, म्हणजे नोंदवून ठेवलेले बदल, सर्व्हरच्या टोकावर नव्यानं रचणं). आणि अडकतं ते बहुतेक वेळा या दुसऱ्या अर्ध्या भागात, पण आपण दोन्ही एका कमांडमधे उरकतो म्हणून कुठं अडकलं ते कळत नाही.

तर निदान करताना पुल मारूच नका. हे मारा:

गिट फेच --प्रून
गिट स्टेटस -एसबी
गिट ब्रँच -व्हीव्ही
गिट लॉग --वनलाईन मेन..ओरिजिन/मेन
गिट लॉग --वनलाईन ओरिजिन/मेन..मेन

शेवटच्या दोन ओळी महत्त्वाच्या. पहिली सांगते सर्व्हरकडे आहे पण माझ्याकडे नाही असं काय आहे, दुसरी उलटं, माझ्याकडे आहे आणि सर्व्हरकडे नाही. दुसरीतून काहीच आलं नाही तर तुमची केस सोपी आहे, फास्ट फॉरवर्ड होणार (आपली ब्रँच सरळ पुढं सरकणार), अडकलंच तर फक्त फोल्डरमधल्या कमिट न केलेल्या बदलांमुळे. दुसरीतून काही आलं आणि पहिलीतूनही आलं तर डायव्हर्ज. ब्रँच -व्हीव्ही मधे दिसतं की कुठली ब्रँच सर्व्हरवरच्या कुणाला बांधलीये, आणि तिथं पुढं "गॉन" लिहिलेलं असेल तर ती ब्रँच सर्व्हरवर डिलीट झालीये.

"लोकल बदल ओव्हरराईट होतील" आणि ॲबॉर्ट

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा. सर्व्हरवरून एक फाईल बदलून येतेय आणि तीच फाईल तुम्ही पण बदललीये आणि कमिट केलेली नाही, म्हणून गिट हात वर करतं. एसव्हीएन (गिटसारखंच जुनं सॉफ्टवेअर) वापरून आलेल्या लोकांना याचा फार राग येतो कारण तिथं एसव्हीएन अपडेट मारलं की ते आपल्या अर्धवट बदललेल्या फाईलीतच सर्व्हरचे बदल मिसळून टाकायचं, जमलं तर जमलं नाहीतर कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल, आपण हातानं सोडवायचे). गिट तसं करत नाही, आणि मला विचाराल तर बरंच करतं, कारण कमिट न केलेल्या कामात एकदा भेसळ झाली की मूळ काय होतं ते परत मिळत नाही.

एकदाच झालं असेल तर स्टॅश करा, पुल करा, स्टॅश पॉप करा, झालं. किंवा एका दमात गिट पुल --ऑटोस्टॅश. दोन गोष्टी लक्षात ठेवा, साधं गिट स्टॅश नवीन म्हणजे अनट्रॅक्ड फाईली उचलत नाही, त्यासाठी -यू लावावं लागतं. आणि पॉप करताना कॉन्फ्लिक्ट आला तर स्टॅश यादीतून जात नाही, तिथंच राहतो, त्यामुळे घाबरायचं नाही, पण कॉन्फ्लिक्ट सोडवून झाल्यावर तो स्वतः ड्रॉप करायचा नाहीतर सहा महिन्यांनी यादीत चौदा स्टॅश आणि एकाचंही नाव आठवत नाही. गिट स्टॅश पुश -एम करून नाव द्यायची सवय लावा, मला ती फार उशिरा लागली.

पण इथं आपण बोलतोय परत परत येणाऱ्या दुखण्याबद्दल. रोज तीच एक फाईल अडवत असेल तर ती फाईल हमखास सेटिंगची असते, डेटाबेसचा पोर्ट, लोकल पाथ, डीबग चालू-बंद असलं काहीतरी, जे प्रत्येकाच्या मशीनवर वेगळं असतं पण फाईल मात्र सगळ्यांची एकच कमिट केलेली. इथं रोज स्टॅश करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मग कुणीतरी हुशारीनं सांगतं की फाईल गिटइग्नोर मधे (दुर्लक्ष करायच्या फाईलींच्या यादीत) टाक. टाकली तरी काही होत नाही, कारण गिटइग्नोर फक्त ट्रॅक न झालेल्या फाईलींना लागू असतं, एकदा कमिट झालेली फाईल त्याच्या कक्षेतच नाही.

मग दुसरा हुशार सांगतो स्किप-वर्कट्री लाव. हे मी केलं आणि यातून निघायला मला अर्धा दिवस लागला म्हणून जरा सविस्तर सांगते. गिट अपडेट-इंडेक्स --स्किप-वर्कट्री अमुक फाईल असं केलं की ती फाईल बदललेली असली तरी स्टेटसमधे दिसत नाही, सगळं स्वच्छ दिसतं, मस्त वाटतं. चार महिन्यांनी सर्व्हरवर कुणीतरी तीच फाईल बदलतं, आपण पुल मारतो, गिट म्हणतं लोकल बदल ओव्हरराईट होतील, आपण स्टेटस बघतो तर काहीच बदललेलं नाही, स्टॅश मारतो तर म्हणतं स्टॅश करण्यासारखं काही नाही, परत पुल, परत तीच एरर. डोकं भणभणतं, कारण आपणच चार महिन्यांपूर्वी डोळ्यावर पट्टी बांधली होती ते कुणाला आठवतंय. शोधायचं असं:

गिट एलएस-फाईल्स -व्ही

यात प्रत्येक फाईलीपुढं एक अक्षर येतं, बहुतेकांपुढं कॅपिटल एच. जिथं कॅपिटल एस दिसेल ती स्किप-वर्कट्रीवाली, जिथं स्मॉल अक्षर दिसेल ती अझ्युम-अनचेंज्डवाली (तसलीच दुसरी पट्टी). मग --नो-स्किप-वर्कट्री किंवा --नो-अझ्युम-अनचेंज्ड लावून पट्टी सोडवा आणि फाईल स्टेटसमधे दिसायला लागेल. गिटच्या स्वतःच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की ट्रॅक केलेल्या फाईलीतले बदल इग्नोर करायची सोय गिटमधे नाही, हे दोन पर्याय त्यासाठी बनलेलेच नाहीत. तरी लोक ते एकमेकांना सुचवतात, मी पण दोघांना सुचवलं होतं, असो.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. कमिट केलेल्या फाईलीत फक्त सगळ्यांना चालतील अशा डिफॉल्ट किमती ठेवायच्या, आणि आपल्या मशीनच्या किमती वेगळ्या इग्नोर केलेल्या फाईलीतून किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (मशीनवरच नोंदवलेल्या सेटिंगमधून) वाचायच्या. सोबत नमुन्याची एक फाईल कमिट करून ठेवायची म्हणजे नवीन माणसाला कळतं काय काय भरायचंय. आधीच कमिट झालेली फाईल ट्रॅकिंगमधून काढायची असेल तर गिट आरएम --कॅश्ड, पण सावधान, तुमच्याकडे फाईल शिल्लक राहते हे खरं, तुमचा हा कमिट बाकीचे पुल करतील तेव्हा त्यांच्या फोल्डरमधून ती फाईल डिलीट होते. टीमला आधी सांगा की बाबांनो कॉपी काढून ठेवा. मी सांगितलं नव्हतं.

याचाच एक भाऊ म्हणजे "अनट्रॅक्ड फाईली ओव्हरराईट होतील". हे कधी होतं, तर सहकाऱ्यानं चॅटवर एक फाईल पाठवली की तात्पुरती टाक फोल्डरमधे, आपण टाकली, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं तीच कमिट करून पुश केली. आपल्या फाईलीचं नाव बदलून बाजूला ठेवा, पुल करा, दोन्ही ताडून बघा आणि मग आपली उडवा.

मी हातच लावला नाही तरी फाईली बदललेल्या दिसतात

तीन कारणं. पहिलं आणि सगळ्यात जुनं, लाईन एंडिंग. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन कॅरेक्टर, लिनक्स आणि मॅकवर एक, आणि कोअर.ऑटोसीआरएलएफ हे सेटिंग प्रत्येकाच्या मशीनवर वेगळं. ओळखायची खूण अशी की गिट डिफ (काय बदललं ते दाखवणारी कमांड) मारलं तर आख्खी फाईल लाल आणि आख्खी फाईल हिरवी दिसते पण मजकूर तोच, आणि गिट डिफ --इग्नोर-स्पेस-ॲट-ईओएल मारलं की डिफ गायब. प्रत्येकाला सेटिंग बदलायला सांगण्यात काही अर्थ नाही, दोन जण बदलतील तिसरा विसरेल. रिपॉझिटरीच्या (प्रोजेक्टच्या आख्ख्या गिट साठ्याच्या) मुळाशी गिटॲट्रिब्यूट्स नावाची डॉटवाली फाईल टाका, त्यात एक ओळ:

* टेक्स्ट=ऑटो

आणि मग गिट ॲड --रीनॉर्मलाईझ . करून एक कमिट. हा कमिट एकदाच होतो पण त्यात शेकडो फाईली येऊ शकतात, त्यामुळे लोकांच्या मोठ्या ब्रँच उघड्या असताना करू नका, नाहीतर जो तो कॉन्फ्लिक्ट सोडवत बसेल आणि नाव तुमचं निघेल.

दुसरं कारण फाईलीची परवानगी. डिफमधे मजकूर काहीच नाही, नुसतं ओल्ड मोड १००६४४, न्यू मोड १००७५५ असं दिसतं. विंडोजची ड्राईव्ह लिनक्समधून माउंट करून काम करणाऱ्यांना हे फार दिसतं. त्या रिपॉझिटरीपुरतं गिट कॉन्फिग कोअर.फाईलमोड फॉल्स करा आणि विसरा.

तिसरं जरा मजेशीर. कुणीतरी लिनक्सवर एकाच फोल्डरमधे फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेल्या दोन फाईली कमिट केलेल्या असतात. लिनक्सला त्या दोन दिसतात, विंडोज आणि मॅकच्या नेहमीच्या डिस्कला एकच. मग एक चेकआउट केली की दुसरी बदललेली दिसते, रीसेट हार्ड मारा, स्टॅश करा, काहीही करा, परत बदललेली. क्लोन नव्यानं केलं तरी क्लोन झाल्या झाल्या स्टेटस घाण! म्हणजे दोष तुमच्या कॉपीत नाहीच, सर्व्हरवरच्या रिपॉझिटरीत आहे, आणि तिथूनच एका फाईलीचं नाव बदलून तो जाईल.

डायव्हर्ज झालंय, आता मर्ज की रिबेस

जुन्या गिटमधे पुल मारलं की गुपचूप मर्ज व्हायचं. २०२० मधल्या २.२७ पासून ते इशारा द्यायला लागलं की कसं जुळवायचं ते ठरवा, आणि २०२१ च्या २.३३ पासून ब्रँच खरंच फाटलेल्या असतील आणि तुम्ही काही ठरवलेलं नसेल तर सरळ एरर देऊन थांबतं. खूप जणांचं "कालपर्यंत चालत होतं" इथं असतं, गिट अपडेट झालेलं असतं एवढंच. आणि मग एरर सोबत जे तीन पर्याय दाखवते त्यातला पहिला कॉपी करून चिकटवतात, तो असतो मर्ज, आणि इतिहासात रोज एक "मर्ज ब्रँच मेन" नावाचा बिनकामाचा कमिट पडायला लागतो.

माझं मत, आणि यावर लोक भांडतात पण माझं मत पक्कं आहे:

गिट कॉन्फिग --ग्लोबल पुल.एफएफ ओन्ली

म्हणजे सरळ पुढं सरकता येत असेल तरच सरक, नाहीतर थांब आणि मला सांग. यामुळे अडकणं कमी होत नाही, पण अडकलं की बहुतेक वेळा एकच कारण असतं, माझ्या मेनवर माझा स्वतःचा कमिट पडलाय. आणि तो तिथं असायलाच नको होता. आपल्या मशीनवरच्या मेनवर आपण कधीच काम करायचं नाही, ती फक्त सर्व्हरच्या मागं मागं चालायला आहे, काम सगळं वेगळ्या ब्रँचवर. हे पाळायला लागल्यापासून माझं मेनवरचं पुल अडकणं जवळजवळ बंदच झालं, बाकीचे उपाय हे उरलेल्या वेळांसाठी.

चुकून मेनवर कमिट केलाच तर, मेनवरच उभं राहून:

गिट ब्रँच माझं-काम
गिट रीसेट --कीप ओरिजिन/मेन

पहिल्या ओळीनं ते कमिट एका ब्रँचवर सुरक्षित झाले, दुसरीनं मेन सर्व्हरच्या फोटोवर परत. मी --हार्ड ऐवजी --कीप लिहिलंय ते मुद्दाम, या हलवाहलवीत बदलणाऱ्या एखाद्या फाईलीत तुमचे कमिट न केलेले बदल असतील तर --कीप थांबतं, --हार्ड काही न विचारता सगळं पुसतं. सगळीकडे रीसेट --हार्ड सांगतात कारण ते नेहमी "चालतं", कुऱ्हाड पण नेहमी चालते.

कामाच्या ब्रँचवर मात्र मी मेन वरचेवर रिबेस करून घेते, गिट रिबेस ओरिजिन/मेन, ब्रँच फक्त माझी असेल तर. रिबेसमधे कॉन्फ्लिक्ट आला तर एक उलटापालट लक्षात ठेवा, तिथं "आवर्स" म्हणजे सर्व्हरकडची बाजू आणि "देअर्स" म्हणजे आपले स्वतःचे कमिट, मर्जच्या बरोबर उलट. कारण रिबेस आधी सर्व्हरच्या टोकावर जाऊन उभं राहतं आणि मग आपले कमिट एकेक करून पाहुण्यासारखे आत घेतं. हे न कळल्यामुळे मी एकदा --आवर्स घेऊन माझाच कोड फेकून दिलाय. गोंधळ वाटला तर गिट रिबेस --ॲबॉर्ट, जिथून निघालात तिथं परत.

सर्व्हरवरच्या ब्रँचचा इतिहासच कुणीतरी बदलला

फेच केल्यावर ओळीच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह आणि शेवटी "फोर्स्ड अपडेट" दिसलं तर समजा कुणीतरी फोर्स पुश केलाय. अशा वेळी मर्ज केलंत तर जे कमिट त्यानं मुद्दाम काढले तेच तुम्ही परत घुसवाल, आणि पुढच्या पुशला ते सर्व्हरवर परत जातील. त्या ब्रँचवर तुमचं काही नसेल तर रीसेट --कीप करून ओरिजिनच्या जागी या. तुमचे कमिट असतील तर आधी जुन्या टोकावर एक ब्रँच काढून ठेवा, मग रीसेट, मग फक्त आपले कमिट चेरी-पिक करून म्हणजे निवडून उचलून आणा. काही हरवलं असं वाटलं तर गिट रीफ्लॉग, त्यात तुमचा हेड (तुम्ही सध्या उभे आहात ती जागा) कुठून कुठं गेला त्याची सगळी नोंद असते, साधारण नोंदी ९० दिवस आणि ज्या कमिटपर्यंत ब्रँचच्या आत्ताच्या टोकावरून पोचता येत नाही त्यांच्या ३० दिवस ठेवायचं डिफॉल्ट आहे. फोल्डर उडवलंत तर ही नोंद पण गेली, म्हणून सुरुवातीला तेवढं बोंबलले.

ब्रँचच सापडत नाही

जुन्या रिपॉझिटरीत मास्टरचं मेन झालं की आपली लोकल कॉपी मास्टरलाच धरून बसते आणि पुल म्हणतं असा रेफ (ब्रँचचं नाव) आलाच नाही. गिट ब्रँच -एम मास्टर मेन, मग फेच, मग गिट ब्रँच -यू ओरिजिन/मेन मेन, आणि शेवटी गिट रिमोट सेट-हेड ओरिजिन -ए. दोन मिनिटांचं काम.

"कॅनॉट लॉक रेफ" हे पण दिसतं. सर्व्हरवर आधी फीचर नावाची ब्रँच होती, ती उडवून कुणीतरी फीचर/लॉगिन केली, आपल्याकडे जुनी फीचर अजून फोटोत आहे, आणि एकाच नावाची फाईल आणि फोल्डर एकत्र असू शकत नाहीत. गिट रिमोट प्रून ओरिजिन मारा. कायमचं हवं तर फेच.प्रून ट्रू करून ठेवा, माझं तेच आहे.

आणि कुणी --डेप्थ १ लावून (इतिहासाचं फक्त शेवटचं टोक घेऊन) क्लोन केलं असेल तर दुसऱ्या ब्रँच दिसतच नाहीत, कारण तसं क्लोन एकाच ब्रँचचं होतं. गिट रिमोट सेट-ब्रँचेस ओरिजिन '*' आणि मग गिट फेच --अनशॅलो.

फेचच पासवर्डवर अडकत असेल तर ते वेगळं दुखणं. गिटहबनं १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांना अकाउंटचा पासवर्ड घेणं बंद केलंय, टोकन किंवा एसएसएच की लागते, आणि मशीनच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधे जुनाच पासवर्ड साठवलेला असतो तो आधी काढावा लागतो.

पुल झालं, पण कोड चालत नाही

हे मला सगळ्यात जास्त छळलेलं, कारण इथं गिट निर्दोष असतं. कोड नवीन आला पण पॅकेज जुनीच, डेटाबेसचं मायग्रेशन (त्याच्या रचनेतले बदल) राहिलंय, बिल्डचं जुनं फोल्डर तसंच आहे. किंवा सबमॉड्यूल (रिपॉझिटरीच्या आत बसवलेली दुसरी रिपॉझिटरी)! पुल केल्यावर मुख्य रिपॉझिटरी म्हणते की सबमॉड्यूल अमुक कमिटवर हवं, पण सबमॉड्यूलच्या फाईली आपोआप हलत नाहीत, स्टेटसमधे ते बदललेलं दिसतं, आणि आपण गिट ॲड . करून जुना पॉइंटर परत कमिट करतो आणि सगळ्यांना मागं खेचतो. गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह, आणि सबमॉड्यूल.रिकर्स ट्रू करून ठेवलं की नेहमीच्या पुलला ते बरोबर हलतं.

पॅकेजसाठी मी पोस्ट-मर्ज हूक लावलाय. पॅकेजची लॉक फाईल (कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीचं ते लिहिलेली) या पुलमधे बदलली का ते तो बघतो आणि बदलली असेल तर इन्स्टॉल चालवतो. हूक क्लोनबरोबर येत नाही, प्रत्येकाला आपला लावावा लागतो, आणि रिबेसनं पुल करणाऱ्यांसाठी पोस्ट-मर्ज चालत नाही, त्यांनी पोस्ट-रीराईट बघावा.

बिल्डचा कचरा काढायला गिट क्लीन आहे पण आधी नेहमी -एन लावून नुसती यादी बघा. -एक्स लावलंत तर इग्नोर केलेल्या फाईली पण जातात, म्हणजे तुमची सगळी गुप्त सेटिंग असलेली फाईल पण, आणि ती गिटमधे कधीच नव्हती म्हणून रीफ्लॉग वगैरे काही कामाचं नाही.

इंडेक्स.लॉक फाईल अस्तित्वात आहे अशी एरर आली तर आधी बघा एडिटर मागच्या मागं काही गिट चालवतोय का, तो बंद करा, कुठलीच गिट प्रोसेस नाही याची खात्री झाली की मगच डॉट गिट फोल्डरमधली ती फाईल उडवा. रोज येत असेल तर रिपॉझिटरी क्लाउडवर सिंक होणाऱ्या फोल्डरमधे ठेवलीये का बघा. ठेवली असेल तर हलवा तिथून, सिंक करणारं सॉफ्टवेअर डॉट गिटमधल्या फाईली एकेक करून आपल्या वेळेनं ढकलतं आणि त्यात रिपॉझिटरी करप्ट होऊ शकते.

आणि ती सहा फोल्डर

दोन ब्रँच एकाच वेळी उघड्या हव्यात म्हणून दोन क्लोन ठेवत असाल तर गिट वर्कट्री ॲड बघा, २०१५ च्या गिट २.५ पासून आहे. फोल्डर वेगळं, पण आतला साठा एकच, एकदा फेच केलं की सगळीकडे फोटो नवा, स्टॅश पण एकाच यादीत. एकच ब्रँच दोन वर्कट्रीत चेकआउट करू देत नाही, आणि ते बरंच आहे.

जुनी क्लोन उडवायच्या आधी प्रत्येकात जाऊन हे चार मारा:

गिट फेच --ऑल --प्रून
गिट स्टॅश लिस्ट
गिट लॉग --ब्रँचेस --नॉट --रिमोट्स --वनलाईन
गिट स्टेटस --इग्नोर्ड

तिसरी ओळ सांगते की कुठल्याही लोकल ब्रँचवर आहे पण कुठल्याच रिमोटवर नाही असं काय शिल्लक आहे. चौथीत इग्नोर केलेल्या फाईली दिसतात, त्यातली सेटिंगची तेवढी उचलून ठेवा. चारही मधून कामाचं काही आलं नाही तरच फोल्डर उडवा. एक मात्र, फोर्स पुश नंतर प्रून झालेल्या ब्रँचचे कमिट तिसरीत दिसू शकतात, ते तुमचे नसतील तर सोडून द्या.

मी हे केलं तेव्हा प्रोजेक्ट-नवीन-२ मधे पुश न केलेली एक पूर्ण ब्रँच सापडली, जे काम मी नंतर परत लिहिलं होतं. टेम्प मधे सेटिंगची ती फाईल सापडली जी मी दोनदा लोकांकडून मागून घेतली होती. प्रोजेक्ट-खरा-चालणारा चालत नव्हतं. आता दोनच उरलीत, एक कामाचं आणि एक प्रोजेक्ट-खरा, त्यात एक स्टॅश आहे ज्याचं नाव नुसतं डब्ल्यूआयपी (काम चालू आहे) आहे आणि तो उघडला की सत्तेचाळीस फाईलींत कॉन्फ्लिक्ट येतो, बघते या शनिवारी.